पेशींचा लगाम आणि विडीचा धूर

ठाणे जिल्ह्यांतील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांच्या रानांत आपटा व टेंभुर्णी हीं झाडें वाढतात. आपट्याचें पान दसऱ्याला सोनें म्हणून वाटलें जातें. तंबाखू भरून वळलें म्हणजे त्याचीच विडी होते. त्या विडीचा धूर फुप्फुसांत काय करतो, हें कळावयास मात्र फार काळ लागला.

मुंबईंत १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालें आणि तेथें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं कर्करोगाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घातला. १९५० सालीं ब्रिटनमध्यें डॉल व हिल यांनीं धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचें नातें दाखवून दिलें. विडी सिगारेटीहून निरुपद्रवी, ही आपल्याकडील समजूत १९७९ सालीं डॉ. जस्सावाला व जैन यांच्या मुंबईंतील पाहणीनें खोटी ठरविली.

नातें कळलें, कारण उरलें. निरोगी पेशी मनास येईल तेव्हां दुभंगत नाहीं. अमेरिकेंत हार्टवेल आणि ब्रिटनमध्यें नर्स यांनीं यीस्टच्या पेशींत विभाजनाचें नियमन करणारीं जनुकें शोधिलीं. १९८२ सालीं हंट यांना सी-अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या अंड्यांत ठरावीक क्रमानें सांचणारें व लोपणारें प्रथिन आढळलें, तेंच सायक्लिन. या तिघांना २००१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

सायक्लिन हा विभाजनाचा हुकूम, तर आरबी नांवाचें प्रथिन हा दारावरील पहारेकरी. सायक्लिन-डी आणि त्याचें जोडीदार एन्झाइम आरबीला बाजूस सारील, तेव्हांच पेशी पुढें सरकते. पी१६ हें प्रथिन त्या जोडीला आवरतें. पी५३ हें जखमी जनुकें दुरुस्त होईपर्यंत काम थांबवितें. धुरांतील बेंझोपायरीनसारखीं द्रव्यें याच जनुकांवर घाव घालतात. लघुपेशी कर्करोगांत आरबी व पी५३ हीं दोन्हीं बहुधा निकामी झालेलीं असतात. इतर प्रकारांत पुष्कळदां पी१६ गप्प झालेलें आढळतें.

एक लगाम तुटल्यानें रोग होत नाहीं. वर्षानुवर्षांच्या धुरानें ते एकामागून एक तुटतात, आणि खोकल्यांतून रक्त दिसूं लागेपर्यंत आंत बरेंच कांहीं घडून गेलेलें असतें. म्हणून परळच्या रुग्णालयांतील उपचारांइतकेंच मोल माळशेजच्या पायथ्याशीं पहिली विडी नाकारणाऱ्या तरुणाच्या निश्चयाला आहे. ज्यानें ती आधींच ओढली, त्यालाही आशा आहे. सोडल्यानंतर धोका वर्षागणिक घटत जातो.