जाणून घ्यायचं की नाही?

परवा सोनोग्राफीला गेले होते. बारावा आठवडा. आत जाण्याआधी एका फॉर्मवर सही करायची होती : बाळाचं लिंग मला जाणून घ्यायचं नाही. सही झाली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं वय अडतीस, डबल मार्कर करून घेऊ या का? विचार करून सांगा."

एक गोष्ट जाणून घ्यायची नाही हे कायद्यानं ठरवलेलं, दुसरी माझी मी ठरवायची! घरी येऊन आईला फोन केला, तर ती म्हणाली, "तुझ्या वेळी मला पण तपासून घे म्हणाले होते." ते १९८७ साल. ताईनंतरची मी. आईनं नाही म्हटलं, म्हणून मी आज हे लिहितेय.

गर्भजल परीक्षा भारतात १९७५ च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये सुरू झाली, ती बाळातले जनुकीय दोष ओळखायला. पण त्याच पाण्यातून मुलगा की मुलगी हेही कळायचं. बघता बघता ती मुंबईच्या खाजगी दवाखान्यांत पोचली. १९८५ पासून मुंबईत याविरुद्ध संघटित चळवळ उभी राहिली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा आला १९९४ मध्ये. तरी महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४ वर आल्या.

कायद्यानं तपासणी बंद केली नाही, दोष शोधायला मोकळी ठेवली. पण शोधून पुढे काय? २००८ मध्ये मुंबईतल्या एका दांपत्याला बाळाच्या हृदयातला दोष उशिरा कळला. गर्भपाताची वीस आठवड्यांची मर्यादा उलटली होती, हायकोर्टानं परवानगी नाकारली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीनं चोवीस आठवड्यांनंतरही वाट आहे.

डबल मार्कर फक्त शक्यता सांगते. पक्कं निदान हवं तर गर्भजल परीक्षेसारखी तपासणी, आणि तिच्यात गर्भ पडण्याचा थोडासा धोका. मग करावी का? आईला विचारलं. म्हणाली, "मला दुसऱ्यांसाठी तपासायला सांगत होते. तुला स्वतःला कळायला हवंय ना?"

हवंय. काय निघालं तर काय करू, ते अजून माहीत नाही. नवऱ्यालाही नाही. पण तयारीला वेळ तरी मिळेल.

काल रक्त देऊन आले. रिपोर्ट शुक्रवारी.