दरबारी पोशाख आणि कॅमेऱ्याची साक्ष

शासकीय सेवेत पाऊल ठेवले की छायाचित्राचा प्रश्न लगेच पुढे येतो. सेवापुस्तकासाठी एक, ओळखपत्रासाठी एक, आणि दिल्लीत नेमणूक असेल तर समूहचित्रांची निमित्ते वेगळीच. मग बंद गळ्याचा कोट इस्त्रीला जातो, केस कापून घेतले जातात. ही तयारी वरवरची वाटते. परंतु अधिकृत छायाचित्रातील पोशाख हा मुळात पदाचा आणि निष्ठेचा दाखला असतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण दिल्लीतच घडले, आणि त्याचे नायक एक मराठी राजे होते.

१२ डिसेंबर १९११ रोजी उत्तर दिल्लीत बुराडीनजीकच्या मैदानावर पंचम जॉर्ज बादशहांचा राज्यारोहण दरबार भरला. संस्थानिकांनी मानाच्या क्रमाने पुढे यावे, वाकून अभिवादन करावे आणि पाठ न दाखवता मागे सरकावे, असा शिष्टाचार ठरला होता. प्रत्येकाने आपली रत्ने व ब्रिटिश सरकारने दिलेली सन्मानचिन्हे धारण करणे अपेक्षित होते. अंगावरच्या अलंकारांवरून संस्थानाचा दर्जा आणि साम्राज्याशी असलेले नाते दोन्ही वाचता यावीत, ही त्यामागची योजना.

हैदराबादच्या निजामानंतर दुसरा मान बडोद्याचा. महाराज सयाजीराव गायकवाड पुढे आले ते साध्या पांढऱ्या वेषात, हाती छडी घेऊन. त्यांनी थोडक्यात अभिवादन केले आणि वळून ते चालू लागले. बडोद्याचा जवाहिरखाना त्या काळी प्रसिद्ध होता. ‘स्टार ऑफ द साउथ’ हा हिरा त्याच घराण्याकडे होता. १८८१मध्ये महाराजांना राज्याधिकार मिळाले, तेव्हा राजा रविवर्मा यांनी त्यांचे चित्र काढले ते रत्नालंकारांसह. त्यामुळे दरबारात अलंकारांचे नसणेच सर्वांच्या डोळ्यांत भरले.

एरवी हा प्रसंग दरबारी कुजबुजीत विरला असता. परंतु दरबाराचे चलच्चित्रण झाले होते. काही आठवड्यांत ती दृश्ये लंडनच्या पडद्यावर आली. चार्ल्स अर्बन यांचा रंगीत ‘किनेमाकलर’ चित्रपटही १९१२मध्ये दाखवला गेला. काही क्षणांची कृती आता पुन:पुन्हा पाहता येणारा पुरावा झाली. इंग्रजी वृत्तपत्रांनी राजद्रोहाचा संशय घेतला. महाराजांनी व्हाइसरॉय हार्डिंग यांना खुलासा लिहिला: गोंधळ उडाला, अनादराचा हेतू नव्हता. हे पत्र प्रसिद्धही झाले.

हेतू काय होता, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. मात्र संशयाला पूर्वपीठिका होती. अरविंद घोष १९०६पर्यंत बडोद्याच्या सेवेत होते, आणि त्याच वर्षी महाराजांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केले होते. स्वतंत्र बुद्धीने राज्य करणाऱ्या संस्थानिकाकडे वरिष्ठ सत्ता आधीच साशंकतेने पाहत होती. पांढऱ्या वेषाचा अर्थ त्या संशयानेच लावला.

याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९४७ ते १९५१ या काळात कायदेमंत्री म्हणून दिल्लीत वावरताना त्यांच्या अंगावर बहुधा नीटनेटका सूट असे. ज्या समाजाने काय ल्यावे, कसे नेसावे हेदेखील जातीने ठरवले होते, त्या समाजातून ते आले होते. १९२७मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी घोट्यापर्यंत लुगडे नेसण्याचा आणि जातीची खूण ठरलेले जड दागिने टाकण्याचा सल्ला दिला होता. राजाने अलंकार न घालणे आणि वंचिताने सूट घालणे, या उलट दिशेच्या कृती वाटतात. दोहोंचा रोख मात्र एकच: माझा दर्जा दुसऱ्याने माझ्या अंगावर लिहू नये.

घरापासून दूर, कार्यालयाच्या छायाचित्रासाठी तयार होणाऱ्या मराठी तरुणांनी एवढे ध्यानी ठेवावे. कपडे स्वच्छ, अंगाबरोबर बसणारे आणि प्रसंगाला साजेसे असावेत. शिष्टाचार आधी विचारून घ्यावा, कारण कॅमेरा खुलासा टिपत नाही. त्यानंतर मात्र आपण कोणाला दाखवण्यासाठी नटत आहोत, हेही स्वत:ला विचारावे.

बुराडीच्या त्या मैदानावर आज कोरोनेशन पार्क आहे. इंडिया गेटजवळून हलवलेला पंचम जॉर्ज यांचा पुतळा तेथे पूर्ण राजवस्त्रांत उभा आहे. त्याला पाहायला फारसे कोणी जात नाही. सूट घातलेल्या, हाती संविधान घेतलेल्या आंबेडकरांचे पुतळे मात्र गावोगावी आहेत, आणि दर वर्षी त्यांना हार घालायला माणसे रांगा लावतात.