द स्लिट्स

१४. लेखकाने वर ज्यांना 'क्लॅशबरोबर आलेल्या मुली' म्हणून एका वाक्यात निकालात काढले आहे, तो 'द स्लिट्स' हा लंडनमध्ये १९७६ साली सुरू झालेला बँड. गायिका आरी अप मूळची जर्मन, आणि तेव्हा अवघी चौदा वर्षांची. ड्रमवर स्पेनहून आलेली पामोलिव्ह; पुढे गिटारवर व्हिव्ह अल्बर्टीन आणि बेसवर टेसा पॉलिट. १९७७च्या 'व्हाइट रायट' दौऱ्यात त्या 'द क्लॅश'च्या आधी वाजवत, हे खरे. पण त्यांची ओळख तेवढ्यावर संपत नाही.

'कट' (१९७९) हा त्यांचा पहिला अल्बम. निर्माता डेनिस बोव्हेल हा बार्बाडोसमध्ये जन्मलेला, रेगे आणि डबमधला जाणकार. डबमध्ये बेस आणि ड्रम पुढे येतात, बाकीची वाद्ये मध्येच गळतात, प्रतिध्वनी रेंगाळतो. पंक म्हणजे नुसता वेग आणि गोंगाट, असे मानणाऱ्यांनी हा अल्बम जरूर ऐकावा. त्यातली मोकळी जागा विचारपूर्वक ठेवलेली आहे. तिला वाजवणाऱ्यांचे कच्चेपण समजणे अन्यायाचे ठरेल.

'कट'वर ड्रम मात्र बजीचे आहेत, कारण पामोलिव्ह तोवर बाहेर पडली होती. ती 'द रेनकोट्स'मध्ये गेली. हा बँड ॲना दा सिल्वा आणि जीना बर्च या कला महाविद्यालयातील विद्यार्थिनींनी १९७७ साली काढला होता. पामोलिव्हचे स्लिट्समधले वादन ऐकायचे असेल, तर बीबीसीवर जॉन पीलच्या कार्यक्रमासाठी १९७७ साली झालेले ध्वनिमुद्रण शोधावे. — संपा.