कौटुंबिक स्मृती आणि आरंभीचे छायाचित्रण : शिर्डीच्या साईबाबांच्या तसबिरींच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रातील छायाचित्रणाचा इतिहास प्रामुख्याने मुंबईच्या संदर्भात लिहिला गेला आहे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे सोसायटीचे सभासद होते, तर हरिश्चंद्र चिंतामण यांनी हे शिक्षण घेऊन पुढे व्यवसाय केला. ग्रामीण भागाला अशा संस्थांचा आधार नव्हता. तेथे छायाचित्र घरात कसे आले, हे मुख्यतः कुटुंबांच्या आठवणींतूनच समजते. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील शिर्डी हे याचे ठळक उदाहरण होय.

तंत्र आणि दळणवळण

१८५१ मध्ये पुढे आलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काच वाळण्यापूर्वीच चित्र घेऊन ते धुवावे लागे. छायाचित्रकाराला रसायने व काळोखाचा तंबू बरोबर न्यावा लागे. १८७१ मध्ये मॅडॉक्स यांनी कोरड्या काचेची पद्धत मांडली आणि ही अडचण हळूहळू दूर झाली. १८७८ मध्ये धोंड-मनमाड लोहमार्ग सुरू होऊन रेल्वे कोपरगावास पोहोचली. मुंबईचे भक्त याच मार्गाने शिर्डीस येऊ लागले.

स्मृतींची साक्ष

१५ ऑक्टोबर १९१८ रोजी साईबाबांचे निर्वाण झाले. त्यांची मोजकीच छायाचित्रे उपलब्ध आहेत. गोविंद रघुनाथ दाभोळकर ऊर्फ हेमाडपंत यांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त तसबिरींविषयीच्या आठवणी आढळतात. मुंबईचे बाळाबुवा सुतार १९१७ मध्ये प्रथमच शिर्डीस आले, तेव्हा आपण त्यांना चार वर्षांपासून ओळखतो, असे बाबा म्हणाले. चार वर्षांपूर्वी मुंबईत आपण बाबांच्या प्रतिमेस नमस्कार केला होता, हे बुवांना आठवले. भक्ताच्या दृष्टीने हा चमत्कार आहे. इतिहासाच्या दृष्टीने १९१३ च्या सुमारास बाबांची प्रतिमा मुंबईत पोहोचली होती, याची ही साक्ष आहे.

दुसरी आठवण खुद्द दाभोळकरांच्या घरातील आहे. १९१७ च्या होळीस बाबा भोजनास येणार, असे त्यांना पहाटे स्वप्न पडले. दुपारी पाने वाढली असता अली महंमद बाबांची तसबीर घेऊन दारी आले आणि ती बाबांसाठी मांडलेल्या आसनावर ठेवण्यात आली. ही तसबीर मुंबईत रस्त्यावरील विक्रेत्याकडून विकत घेतल्याचे अली महंमद यांनी पुढे काही वर्षांनी सांगितले. तसबिरींचा बाजार, मुसलमान घरातून हिंदू घरात झालेला तिचा प्रवास आणि पंक्तीत तिला मिळालेले स्थान या तिन्ही गोष्टी त्या चौकटीकडे पाहून कळल्या नसत्या.

मर्यादा

अशा स्मृतींचा वापर सावधपणे करावा लागतो. ‘तसबीर’ हा शब्द छायाचित्र, छापील चित्र व रंगचित्र या सर्वांस लावला जाई; त्यामुळे आठवणीतील प्रत्येक तसबीर छायाचित्र मानता येत नाही. शिवाय छायाचित्रावरून नव्या प्रतिमा घडत गेल्या. १९५४ मध्ये समाधी मंदिरात स्थापन झालेली मूर्ती शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी छायाचित्राच्या आधारे घडविली; मात्र घडविताना प्रत्यक्ष दर्शन झाल्याची आठवणही तिच्याशी जोडली जाते. पहिली बाब निर्मितीचे साधन सांगते, दुसरी श्रद्धेचे स्वरूप. दोन्ही मोलाच्या आहेत, परंतु त्यांची गल्लत होऊ नये.

निष्कर्ष

शिर्डीच्या उदाहरणात छायाचित्राचे मोल चेहऱ्याच्या नोंदीपुरते राहत नाही. अनुपस्थित व्यक्तीचे दर्शन घडविणारी वस्तू म्हणून ते घरात स्थिरावते. तसबीर कोणी आणली, कोठून घेतली, कोठे ठेवली, हे सांगणारी माणसे गेली की मागे केवळ चेहरा उरतो. जुन्या चित्रांच्या प्रती आज सहज काढता येतात, परंतु प्रतीबरोबर ही हकीकत येत नाही. म्हणून जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी घरोघरच्या जुन्या छायाचित्रांसोबत त्यांच्या आठवणीही सांगणाऱ्याच्या शब्दांत नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे.