दिनविशेष : २२ डिसेंबर : नामशेष मासा जाळ्यात

१९३८ : दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन बंदरात 'नेरीन' या ट्रॉलरवर एक विचित्र मासा सापडला. तिथल्या संग्रहालयाच्या तरुण क्युरेटर मार्जोरी कोर्टने-लॅटिमर कॅप्टन हेन्ड्रिक गूसेन यांनी आणलेली मासळी पाहायला गेल्या होत्या. ढिगाखालून एक निळा पर डोकावत होता. मासळी उपसली, तर खाली सुमारे दीड मीटर लांबीचं, जाड खवल्यांचं धूड! परही कसे, तर मांसल, आखूड पायांसारखे.

वासामुळे टॅक्सीवाला आधी नाहीच म्हणाला. शवागार आणि शीतगृहानेही हात झटकले. ऐन डिसेंबरचा उन्हाळा. मासा कुजू लागला आणि शेवटी त्यात पेंढा भरावा लागला. आतडी-कल्ले गेले ते गेलेच. मत्स्यशास्त्रज्ञ जे. एल. बी. स्मिथ नेमके सुट्टीवर होते. मार्जोरीबाईंनी पाठवलेल्या पत्रातलं रेखाचित्र पाहून ते चक्रावले. हा तर सीलाकॅन्थ! डायनासोरांबरोबर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपला असं मानलेला. स्मिथ यांनी त्याला लॅटिमेरिया चालुम्नी हे नाव दिलं. मासा खरा हेरला तो मार्जोरीबाईंच्या चौकस नजरेनेच, त्यामुळे हा मान रास्तच.

दुसरा नमुना मिळायला १९५२ साल उजाडलं. तोही याच महिन्यात, कोमोरो बेटांजवळ. तो आणण्यासाठी दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान मलान यांनी लष्करी विमान दिलं होतं. पुढे इंडोनेशियात दुसरी प्रजातीही सापडली. आफ्रिकेकडील प्रजाती आज अतिसंकटग्रस्त आहे. टांझानियाच्या किनाऱ्यावर शार्कसाठी खोलवर लावलेल्या जाळ्यांत ती अडकते.