पाहुणं पोर आणि आंदर मावळातलं घर

मे महिन्याची सुट्टी लागली की आंदर मावळात मुंबई उतरते. कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे येणाऱ्या गाड्यांत बारकी पोरं असतातच. मावळातली कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत डबे पोचवत आली, त्यामुळे ही ये-जा जुनीच. आजचा इतिहास किल्ल्याचा नाही, घराचा आहे. पाहुणं आलेलं लहान पोर त्या घरात किती सुरक्षित होतं, याचा.

वडेश्वरच्या बाजूला माझ्या आजीचं घर कुडाचं होतं. कारवीच्या काठ्या, वर शेणमातीचा लेप. चूल, उखळ, जातं सगळं जमिनीवर, म्हणजे रांगत्या पोराच्या हाताशी. पण आजीचे बंदोबस्त ठरलेले. दूध-दही शिंक्यावर. कोयता आणि खुरपं उंचावर कुडात खोचलेलं. विळी वापरून झाली की आडवी, पातं भिंतीकडे. लेक माहेरी आली की पडवीच्या तोंडाला आडवी फळी लागायची. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, सासूकडून सुनेकडे आलेलं होतं.

आता जुनं ते सगळं सोनं होतं असं नाही हं. चुलीवर पोळलेली पोरं होतीच. आणि कुडाच्या फटीत, सरपणात विंचू. घाटाखाली रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात डॉ. हिंमतराव बावसकर 1976 साली रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाने पोरं दगावत होती. विष थेट हृदयावर येतं हे त्यांनी रुग्णांजवळ रात्र-रात्र बसून टिपलं. 1982 साली त्यांचं निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण शेकडा चाळीसच्या आसपास होतं, ते एकापर्यंत खाली आलं. म्हणजे आजीने अंथरूण झटकूनच टाकायचं हे बरोबरच होतं, पण डंख बसल्यावर तिच्या हातात काही नव्हतं.

मग घरात नवी वस्तू आली, रॉकेल. गंमत बघा, ठोकरवाडीचं धरण 1922 चं. आपल्या खोऱ्यातलं पाणी खाली भिवपुरीला जाऊन मुंबईसाठी वीज करायला लागलं, आणि माझ्या लहानपणीही आजीच्या घरात चिमणीच जळत होती. रेशनचं निळं रॉकेल बाटलीत भरून कोपऱ्यात ठेवलेलं. एका सुट्टीत आत्याचा अडीच वर्षांचा मुलगा मुंबईहून आला. त्यांच्या खोलीत रॉकेल डब्यात असायचं आणि बाटलीत असायचं ते सरबत. त्याने बाटली तोंडाला लावली.

घाबरून कुणीतरी मिठाचं पाणी पाजून त्याला ओकायला लावलं. तीच चूक झाली. उलटी होताना रॉकेल फुप्फुसात उतरतं. पोर वाचलं, पण आठ दिवस त्याचा श्वास घरघरत होता. आम्ही घरची पोरं त्या बाटलीशेजारी वाढलो होतो, आम्ही तिला कधी हात लावला नव्हता. आजी मात्र पुढे कितीतरी वर्षं म्हणायची, “घरचं पोर घराला वळखतं, पाव्हणं पोर न्हाई वळखत.”

मला वाटतं, सगळा इतिहास या एका वाक्यात आहे. चूल, विळी, विंचू यांचे नियम बसायला पिढ्या लागल्या. रॉकेल आलं तेव्हा त्याचा नियम यायच्या आधीच बाटली आली. आज त्याच जागेवर स्लॅबचं घर आहे. गॅस ओट्यावर गेला, हे चांगलंच झालं. पण जिन्याला कठडा नाही, पाण्याच्या टाकीचं झाकण नुसतं सरकवलेलं, आणि भाताच्या कणगीत किडीसाठी टाकायच्या गोळ्या. त्या गोळ्यांना ओल लागली की विषारी वायू सुटतो. माणसं झोपतात त्या खोलीत त्या नकोतच.

तेव्हा मंडळी, पोरं यायच्या आदल्या दिवशी एक काम करा. जमिनीवर बसा आणि गुडघ्यांवर सगळं घर फिरा. काय काय हाताला लागतं ते बघा. औषधं, फिनेल, तणनाशक वर कुलपात, आणि मूळ डब्यातच. पाण्याच्या बाटलीत कधीच नाही. टाकीला कडी, भरलेल्या बादल्या रिकाम्या, जिन्याला आडवी फळी. भाजलं तर हळद-टूथपेस्ट नको, वीस मिनिटं गार वाहतं पाणी. रॉकेल किंवा असलं काही पोटात गेलं, तर ओकायला न लावता थेट दवाखाना, आणि तो डबा सोबत न्या.

आजीची ती आडवी फळी अजून माळ्यावर आहे. यंदा ती खाली काढलीय. परवा नातवंडं येतायत.

भेटू पुढच्या भागात. राम राम.