जानकीदेवी बजाज : वर्ध्याच्या घरातली पहिली पिढी

मंडळी, वर्ध्याचा इतिहास सांगायला बसलं की आपण थेट सेवाग्रामला पोचतो. आज थोडं आधी थांबू या, बजाजांच्या घरात. या घरातल्या जमनालालजींवर बोललं जातं, जानकीदेवींचं नाव मात्र 'त्यांच्या पत्नी' एवढ्यापुरतंच येतं. आम्हालाही ही सवय मोडायला वेळ लागला.

जानकीदेवींचा जन्म १८९३ चा, जावऱ्याच्या मारवाडी वैष्णव कुटुंबातला. १९०२ मध्ये लग्न झालं तेव्हा मुलगी आठ-नऊ वर्षांची, नवरदेव बाराचा. जमनालालजी मूळचे सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातले. वर्ध्याचे सावकार बच्छराजजी यांच्याकडे ते नातू म्हणून दत्तक आले. मुलाच्या बदल्यात आईवडिलांनी पैसा घेतला नाही, गावासाठी एक विहीर तेवढी बांधून मागितली. ही विहीर लक्षात ठेवा.

घर मोठं, पैसा रग्गड, आणि आजोबांचा स्वभाव तापट. एकदा दागिने घालून लग्नाला जायचं जमनालालजींनी नाकारलं. आजोबा वाटेल ते बोलले. सतरा वर्षांचा हा मुलगा संपत्तीवरचा हक्क लिहून सोडून घराबाहेर पडला. पुढे समजूत घालून त्याला परत आणलं. ही गोष्ट त्याच्या बाणेदारपणाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण घरात चौदाएक वर्षांची बायको होती. नवरा सगळ्यावर पाणी सोडून निघाला तेव्हा तिचं पुढे काय होणार होतं, हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. आजही फारशी नाही.

नंतरचे त्याग मात्र तिला स्वतःलाच करायचे होते. गांधीजींचा सोन्याविषयीचा विचार जमनालालजींनी पत्रातून कळवला आणि जानकीदेवींनी अंगावरचं सोनं उतरवलं, ते कायमचं. आज ऐकताना हे सोपं वाटेल. त्या समाजात नवरा जिवंत असताना बाईने दागिने उतरवणं म्हणजे अपशकुन! मग १९१९ मध्ये पडदा गेला, १९२१ च्या सुमारास विलायती कपडे होळीत गेले आणि अंगावर खादी आली. सुचवणारा बहुतेक वेळा नवराच होता, हे आम्ही लपवत नाही. पण उघड्या तोंडाने नातेवाइकांसमोर उभं राहायचं होतं ते जानकीदेवींना. टोमणे त्यांनीच ऐकले, आणि पुढे इतर बायकांना पडदा सोडा म्हणून सांगायलाही त्याच गेल्या.

१९२१ मध्ये विनोबा वर्ध्याला आले. कमलनयन आणि मदालसा ही मुलं त्यांच्या हाताखाली शिकली. शेठजींच्या मुलांच्या वाट्याला आश्रमाची शिस्त आली. काही काळ हे कुटुंब साबरमतीलाही राहिलं. जुलै १९२८ मध्ये घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडलं गेलं. समाजाचा विरोध होताच. त्या कामातही जानकीदेवी होत्या. पुढे गांधीजी वर्ध्याला राहू लागले आणि बजाजवाडीत पाहुण्यांची पंगत उठेना. बैठकांत काय ठरलं ते नोंदलं जातं. स्वयंपाकघरात रोज किती पानं वाढली जात होती, त्याची इतिहासात ओळसुद्धा नाही.

११ फेब्रुवारी १९४२ ला जमनालालजी अचानक गेले. जानकीदेवींनी सती जाण्याची भाषा केली. पडदा, सोनं, शिवाशीव सोडलेली ही बाई, आणि दुःखाच्या क्षणी तोंडी आलं ते सतीचं! आम्हाला हा प्रसंग झाकावासा वाटत नाही. माणूस असा थरांनी बनलेला असतो, जुनं सगळं एकदम जात नाही. गांधीजींनी समजावलं, की जळायचं नाही, त्यांचं काम पुढे न्यायचं. जमनालालजींनी शेवटी हाती घेतलेलं काम गोसेवेचं होतं. त्या गोसेवा संघाच्या अध्यक्ष झाल्या आणि अनेक वर्षं राहिल्या. १९५६ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

'मेरी जीवन यात्रा' हे त्यांचं हिंदी आत्मकथन मिळालं तर जरूर वाचा. स्वातंत्र्यानंतर त्या विनोबांच्या भूदानात उतरल्या. विनोबा जमीन मागत होते, जानकीदेवींनी कूपदानाचं काम धरलं. पाणी नसेल तर मिळालेल्या जमिनीचं करायचं काय? सासरच्या त्या खेड्यात कधीकाळी एका मुलाच्या बदल्यात विहीर मागितली गेली होती. आता त्या घरची सून लोकांकडे विहिरी मागत फिरत होती. १९७९ मध्ये त्या गेल्या, तोवर वर्धा पुष्कळ बदललं होतं.